हेडलाईटची काच परत परत पिवळी पडतेय? घासायला बसण्याआधी हे तपासा

मी सोलापूरला राहतो आणि आमच्या बिल्डिंगला वर शेड नाही, गाड्या बाराही महिने उन्हात. गेल्या सहा-सात वर्षांत स्वतःची, भावाची, मेव्हण्यांची आणि शेजारपाजारच्यांची अशा मिळून पंधरा-सोळा गाड्यांच्या हेडलाईट मी घरीच साफ केल्यात. त्यातल्या पहिल्या चार-पाच गाड्या तर दोन-दोन, तीन-तीनदा कराव्या लागल्या, कारण काच अगदी नव्यासारखी व्हायची आणि चार महिन्यांत परत ताकासारखी. हे का होतं ते कळायला मला दोन उन्हाळे लागले, तुम्हाला लागू नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आणि हा विषय दिसण्याचा नाहीये हो. आमच्याकडे कारखाने सुरू झाले की नोव्हेंबरपासून पुढे चार-पाच महिने रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, एकामागे एक दोन जोडलेल्या, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर, ऊस बाहेर लोंबतोय. इंदापूरच्या अलीकडे एकदा रात्री अशी ट्रॉली मला अगदी शेवटच्या क्षणी दिसली, डिपर (रस्त्यावर खाली पडणारा लाईट) चालू होता, बल्ब महिनाभरापूर्वीच बदललेला होता, तरी दिसली नाही. शेजारी आई बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीसमोर उभा राहून काचा नीट बघितल्या तेव्हा कळलं की उजेड काचेच्या आतच अडकून राहतोय.

लक्षणं बघा आधी. काच पिवळट किंवा दुधाळ दिसते, आणि बहुतेक वेळा वरचा भाग जास्त, खालचा कमी, कारण ऊन वरून पडतं. एक बाजू जास्त खराब आणि दुसरी बरी असेल तर पार्किंगमध्ये कुठल्या बाजूला ऊन लागतं ते आठवा, उत्तर तिथेच मिळेल. कोरड्या बोटाने घासलं तर गुळगुळीत न लागता किंचित खरखरीत लागतं, काही ठिकाणी पापुद्रे सुटल्यासारखे कडे दिसतात. रात्री समोरून बघितलं तर अख्खा दिवा पिवळ्या कंदिलासारखा चमकतो पण रस्त्यावर उजेड नाही, आणि तुम्ही डिपरवर असूनही समोरचे लोक अपर-डिपर मारून दाखवतात कारण उजेड रस्त्यावर न पडता इकडेतिकडे फाकून त्यांच्या डोळ्यात जातो. पावसात तर विचारूच नका.

आता कारण. आपण काच काच म्हणतो पण ती काच नाही. अँबॅसिडर, पद्मिनीच्या गोल हेडलाईटला खरी काच असायची, ती फुटायची पण पिवळी पडायची नाही. आताच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं, हलकं आणि दगड लागला तरी सहसा न फुटणारं. पण त्याला ऊन सोसत नाही, त्यातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं, म्हणून कंपनीतून येतानाच त्यावर एक पातळ कडक कोटिंग असतं. ऊन, धूळ, खडी यांनी ते कोटिंग काही वर्षांत मरतं, आधी पिवळं पडतं मग फुटून निघायला लागतं, आणि खालचं प्लास्टिक उघडं पडतं. तुम्ही पेस्ट लावून घासता तेव्हा उरलंसुरलं कोटिंग काढून टाकता, काच चमकते, पण आता तिला उन्हापासून वाचवणारं काहीच राहिलेलं नाही. म्हणून ती पहिल्यापेक्षा लवकर पिवळी पडते. मी सुरुवातीला जे काही करत होतो ते हेच.

तर आता तपासणी, फुकटातल्या गोष्टी आधी.

१) धुवा आणि ओली असतानाच बघा. साध्या कार शाम्पूने काच धुवायची, मग स्वच्छ पाणी ओतत राहायचं आणि पाण्याच्या थराखाली काच कशी दिसते ते बघायचं. ओली असताना धूसरपणा जवळजवळ गेला आणि सुकल्यावर परत आला तर खराबी बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. पाणी त्या बारीक ओरखड्यांत आणि खड्ड्यांत भरतं म्हणून उजेड सरळ आरपार जातो. अशी काच घरी नक्की सुधारते. रंग थोडा पिवळा राहिला तरी घाबरू नका, तो वरच्या थरातलाच असतो, घासताना निघतो. पण पाणी ओतूनही धुकं जसंच्या तसं दिसत असेल तर गडबड आत आहे, पुढे कितीही घासा, वेळ आणि पैसा वाया. ही एक मिनिटाची टेस्ट सोडून लोक थेट किट मागवतात, तसं करू नका.

२) मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा. संध्याकाळी बॉनेट उघडून वरून, बाजूने टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर त्यावरून नख फिरवा. नखाला लागल्या तर वर आहेत. नखाला काहीच लागत नाही आणि रेषा मात्र चमकतात, म्हणजे बहुधा त्या प्लास्टिकच्या पोटात किंवा आतल्या बाजूला आहेत, त्या कुठल्याही पॉलिशने जात नाहीत. याच वेळी आत दव, पाणी किंवा धूळ आहे का तेही बघून घ्या. थंडीत सकाळी थोडं दव धरणं आणि लाईट लावल्यावर अर्ध्या तासात जाणं नॉर्मल आहे, पण खाली पाण्याचं तळं साठलेलं असेल तर नाही. पाणी असेल तर मागचं रबरी झाकण आधी बघा, बल्ब बदलताना ते धड न बसवणं हा मी सगळ्यात जास्त वेळा बघितलेला घोळ आहे, आणि त्याला खर्च शून्य.

३) भिंतीवर उजेड टाका. सपाट जागी भिंतीपासून पंधरा-वीस फुटांवर गाडी लावा, डिपर चालू करा, आणि डॅशबोर्डवर लाईट खाली-वर करायचं चाक असेल तर ते शून्यावर आणा. ते चाक कुणीतरी ३ वर नेऊन ठेवलेलं असतं आणि मालक म्हणतो लाईटच नाहीत! मेव्हण्यांच्या गाडीत हेच होतं. भिंतीवर उजेडाची वरची कड स्पष्ट दिसायला हवी. कड विस्कटलेली आणि उजेड सगळीकडे सांडलेला असेल तर दोष काचेचा, कड स्पष्ट आहे पण उजेडच मंद आहे तर मामला बल्बचा किंवा वायरिंगचा.

४) बल्ब. साधा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, दोन-तीनशे रुपयांत येतो. त्याची काच आतून काळपट झाली असेल तर बदला, आणि दोन्ही बाजूचे एकदम बदला. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल तापून तिथे डाग धरतो आणि बल्ब लवकर जातो. आणि एक कळकळीची विनंती, उजेड कमी म्हणून १००/९० वॅटचा बल्ब टाकू नका. होल्डर वितळतो, आतला चकचकीत रिफ्लेक्टर भाजतो, आणि पिवळी काच होती ती फक्त जास्त तापते.

५) व्होल्टेज. मल्टीमीटर असेल तर इंजिन चालू करून, लाईट लावून आधी बॅटरीवर आणि मग हेडलाईटच्या कनेक्टरला मागून व्होल्टेज मोजा. बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ मिळायला हवं. कनेक्टरला एखाद व्होल्ट किंवा त्याहून जास्त कमी भरत असेल तर अर्थिंगच्या जोडात, स्विचमध्ये किंवा जुन्या वायरीत व्होल्टेज वाया जातंय. हे महत्त्वाचं अशासाठी की हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड साधारण तीस टक्के कमी होतो. अर्थचा नट काढून, घासून, घट्ट बसवण्यापर्यंत आपण करावं. त्यापुढचं रिले वगैरे ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम, वायर कापाकापी घरी करू नका.

एवढं सगळं होऊन दोष बाहेरच्या काचेचाच निघाला, तरच पुढे.

टूथपेस्टबद्दल सगळे विचारतात. टूथपेस्टमध्ये घासायची बारीक भुकटी असते त्यामुळे वरवरचं मळभ निघतं, पण पंधरा दिवस-महिनाभर. मच्छर पळवायचा स्प्रे मारून काच लगेच चमकते असे व्हिडिओ फिरतात, तो स्प्रे प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतो म्हणून चमकते, नंतर तिथेच चिकट डाग आणि तडे. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको, पॉलिकार्बोनेटला ते लागले की आतून तडकायला लागतं आणि ते परत दुरुस्त होत नाही. माझ्या भावाच्या गाडीची डावी काच अशीच गेली, कुणीतरी थिनरचं फडकं मारलं होतं.

धूसरपणा अगदी हलका असेल, बोटाला खरखर लागत नसेल, तर फक्त बारीक रबिंग कंपाउंड आणि मऊ मायक्रोफायबर घेऊन दहा मिनिटं घासून बघा. भागलं तर छान, थेट कोटिंगवर या.

नाही भागलं तर वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद, नंबर जेवढा मोठा तेवढा बारीक. पेंटच्या दुकानात नंबर सांगून सुटे मिळतात, ८००, १०००, १५००, २००० आणि मिळाला तर ३०००. काच फारच खराब असेल तरच ६०० ने सुरुवात. सगळे मिळून दीडेकशे रुपयांच्या आसपास जातात. बॉनेट उघडा, बंपर आणि फेंडरच्या कडांवर मास्किंग टेपचे दोन थर मारा, कारण पेपर एकदा जरी रंगावर सरकला तरी तो ओरखडा कायमचा. पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजू द्या, पाण्यात शाम्पूचे दोन थेंब. आणि सकाळी लवकर काम करा, उन्हाने तापलेल्या काचेवर पेपर चिकटतो.

पहिला पेपर हा अख्ख्या कामाचा जीव आहे, इथे घाई केली की सगळं बिघडतं. आडवं घासायला लागलं की काही सेकंदांत काचेवरून पिवळसर, ताकाच्या निवळीसारखं पाणी उतरायला लागतं, ते जुनं कोटिंग. सुरुवातीला पेपर अडखळतो, खर्र खर्र असा तुटक आवाज येतो, कारण काही ठिकाणी कोटिंग आहे आणि काही ठिकाणी नाही. घासत राहायचं, पाणी मारत राहायचं. आठ-दहा मिनिटांनी आवाज बदलतो, सलग सुर्र सुर्र यायला लागतो, पेपर लोण्यावरून गेल्यासारखा सरकतो आणि उतरणारं पाणी पिवळं न राहता पांढरं होतं. तेव्हा थांबा, पुसा, पूर्ण सुकू द्या आणि बघा. सगळी काच एकसारखी पांढरी मॅट दिसली पाहिजे. मध्ये कुठे चकचकीत बेटं दिसली, नकाशासारखी, तर तिथे कोटिंग अजून चिकटून आहे, परत घासा. नवीन माणूस काच एवढी पांढरी झालेली बघून घाबरतो आणि इथेच पुढच्या पेपरवर जातो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचा तर जीव वरखाली झाला होता, अरे बाळा गाडी बिघडवलीस की काय म्हणून. काच अशी दिसायलाच हवी.

पुढचा पेपर उभा घासायचा, त्यापुढचा परत आडवा. दिशा बदलली की आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते लगेच दिसतं. प्रत्येक पेपरला बादलीतलं पाणी बदला, आधीच्या जाड पेपरची भुकटी त्यात राहते आणि ती २००० च्या वेळी काचेवर आली की लांब रेघ पडते, मग परत मागे जावं लागतं.

आता इथे एक फाटा फुटतो, आणि माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली होती. वरून काय लावणार आहात त्यावर घासणं कुठे थांबवायचं ते ठरतं. हार्डनरवालं टू-के क्लिअर, म्हणजे घट्ट करणारं हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक स्प्रे, मारणार असाल तर १००० लाच थांबा, पॉलिश करू नका, काच पांढरी मॅटच ठेवा. क्लिअर ते बारीक ओरखडे भरून काढतं आणि त्या ओरखड्यांतच पकड धरतं. मी आरशासारखी पॉलिश करून त्यावर क्लिअर मारलं होतं आणि सहा महिन्यांत ते सापाच्या कातीसारखं निघून आलं. याउलट फिल्म किंवा पुसून लावायचं कोटिंग वापरणार असाल तर ३००० पर्यंत जा, मग कंपाउंड, आणि काच पूर्ण आरपार दिसेपर्यंत पॉलिश.

तिन्हीतलं काय निवडायचं? पुसून लावायचं यूव्ही (अतिनील किरण अडवणारं) कोटिंग सगळ्यात सोपं, किटमध्ये मिळतं, आमच्याकडच्या उन्हात मला साधारण वर्षभर पुरलंय. टू-के क्लिअर नीट बसलं तर दोन-तीन वर्षं निघतात, पण त्यात आयसोसायनेट असतं, ते श्वासातून फुफ्फुसात जाणं खरोखर धोक्याचं आहे. कापडी किंवा धुळीचा मास्क चालत नाही, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर, हातमोजे, चष्मा आणि उघडी जागा हवी, लहान मुलं आणि दम्याचं माणूस आसपास नको. हे जमत नसेल तर हा रस्ता सोडा. मारायचंच असेल तर काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, आठ-दहा इंचांवरून दोन-तीन पातळ हात द्या आणि मध्ये दहा मिनिटं जाऊ द्या. पावसाळ्यात मारू नका, दमट हवेत ते पांढरं धरतं. हार्डनर मिसळण्यासाठी डबा एकदा आतून पंक्चर केला की एक-दोन दिवसांत माल घट्ट होतो, म्हणून ओळखीतल्या दोन गाड्या एकाच दिवशी धरा, खर्च वाटला जातो. आणि साधं, हार्डनर नसलेलं क्लिअर लॅकर स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका, पुढच्या उन्हाळ्यात तेच पिवळं पडून सोलून निघतं.

मला आता सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे फिल्म. गाडीच्या रंगावर लावतात ती पारदर्शक पीपीएफ. डिटेलिंगवाल्यांकडे (गाड्यांचं पॉलिश-कोटिंग करणाऱ्यांकडे) गाड्या करून उरलेले तुकडे पडलेले असतात, हेडलाईटपुरता तुकडा मागा, अगदी कमी पैशांत मिळून जातो. शाम्पूचं पाणी मारून फिल्म सरकवत बसवायची, रबरी पट्टीने पाणी बाहेर काढायचं, गोलाईवर हेअर ड्रायरची हलकी ऊब द्यायची. पहिल्या वेळी बुडबुडे राहतील, लहान असतात ते काही दिवसांत जातात. फिल्म खराब झाली की ओढून काढायची आणि नवी लावायची, परत घासणं नाही. प्लास्टिक काही अमर्याद जाड नसतं, दर वर्षी घासून चालणार नाही, म्हणून मला हे आवडतं.

आता कुठे थांबायचं ते. आतल्या बाजूने धुकं, पोटातल्या रेषा, आत पाणी साठणं, काचेला आरपार तडा, तुटलेले क्लॅम्प, यातलं काही असेल तर घरचा उपाय नाही. ओव्हनमध्ये किंवा हीट गनने हेडलाईट उघडायचे व्हिडिओ बघून मोह होतो, पण एकदा सील उघडला की परत पाणीबंद बसवणं सरावाच्या माणसालाच जमतं. रिफ्लेक्टर काळा किंवा मळका दिसला तर त्याला हात लावू नका, तो ॲल्युमिनियमचा इतका पातळ मुलामा असतो की नुसत्या फडक्याने पुसला तरी निघून येतो. अशावेळी नवा सेट किंवा भंगार बाजारातला बऱ्या अवस्थेतला सेट शोधा, आणि बसवल्यावर लाईटचा फोकस मेकॅनिककडून नीट करून घ्या. एलईडी किंवा प्रोजेक्टरचं सीलबंद युनिट असेल, बंपर उतरवावा लागत असेल, गाडी वॉरंटीत असेल, तर सरळ सर्व्हिस सेंटर. डिटेलिंगवाल्याकडून काचा करून घेणार असाल तर पैसे देण्याआधी एकच विचारा, घासल्यावर वरून काय लावणार? मी एकदा नुसत्या बफिंगचे बाराशे रुपये मोजले होते, चमकत होतं म्हणून विचारलंच नाही, दिवाळीला केलेलं होळीपर्यंत पिवळं.

अपेक्षाही ठीक ठेवा. अमेरिकेतल्या एएए या मोटारचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये मोजमाप केलं होतं, खराब झालेल्या काचेतून नव्याच्या मानाने जेमतेम २० टक्के उजेड येत होता आणि साफ केल्यावर तो ७० टक्क्यांच्या आसपास गेला. म्हणजे फरक प्रचंड आहे पण नव्यासारखं होत नाही. ज्यांचं रोज रात्रीचं ड्रायव्हिंग आहे, घाटातून जाणं-येणं आहे, त्यांनी काच फारच गेली असेल तर नव्या सेटचा खर्च करावाच असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्यांदा करताना एकच बाजू पूर्ण करा, कोटिंगसकट, आणि रात्री भिंतीवर दोन्ही बाजूंचा उजेड शेजारी शेजारी बघा. हात कुठे कमी पडला ते कळतं आणि दुसरी बाजू जास्त चांगली होते. नंतर धुताना कपड्यांची पावडर वापरू नका, धुळीने भरलेल्या काचेवर कव्हर ओढू नका, शक्य असेल तर गाडीचं तोंड सावलीकडे करून लावा. मी बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने कोटिंगची तारीख लिहून ठेवतो, आणि दर सहा महिन्यांनी काच धुवून सुकल्यावर कोरडं बोट फिरवतो. खरखर लागायला सुरुवात झाली की पिवळं दिसायची वाट न बघता तेव्हाच नवं कोटिंग द्यायचं, तेव्हा २००० चा एक हलका हात पुरतो आणि तासाभरात काम होतं.